उतरतं मेज

"हे मेज अजून हितंच हाय व्हय?" उंबऱ्यावर उभं राहून झुंबरबाईनं विचारलं, आणि पोथीवरचं रेशमी फडकं उचलायला गेलेला भुजंगचा हात तसाच हवेत राहिला.

तो तिला मोठ्या हौसेनं घेऊन आला होता. परवा वसंतपंचमीला निजाम इलाख्यातलं पहिलं मराठी वाङ्मय संग्रहालय इथं उघडायचं होतं. हैदराबादेहून एक निवृत्त जज्जसाहेब येणार होते. त्या गर्दीआधी आपल्या मायनं सगळं निवांत पाहावं, आपला लेक कशाच्या किल्ल्या कमरेला लावून हिंडतो ते तिला कळावं, असं त्याला फार वाटत होतं. मस्तगडातल्या घरापासून नदी ओलांडून जुन्या छावणीपर्यंत म्हातारी दोन ठिकाणी बसत बसत आली. इमारतीची दगडी जोती, उंच छत, जाड भिंती यांकडं तिनं नुसतं पाहिलं. बाहेरच्या दोन खोल्यांत संतांच्या तसबिरींना हात जोडले, कुण्या कीर्तनकार कवीची कवळी काचेच्या कपाटात ठेवलेली पाहून तोंडाला पदर लावून हसली, आणि मग मधल्या दालनाच्या उंबऱ्यावर येऊन हे बोलली. भुजंगला वाटलं, कधीकाळी इथं झाडलोट केली असेल हिनं. "तू कधी पाह्यलंस हे?" त्यानं सहज विचारलं.

"आठा दिवसाला आणायचे. शुक्करवारी." तिच्या आवाजात काही नव्हतं, वांगी कुठं चांगली मिळतात ते सांगावं तशी ती सांगत होती. "पलटणीचा दवाखाना व्हता हा. बाजारातल्या बाया धरून आणायचे, तपासायला. शिपायांना रोग लागू नये म्हणून. इकडं डोकं, तिकडं पाय. त्या खिडकीला तवा जाळी व्हती." ती दोन पावलं आत आली, मेजाच्या उतरत्या टोकाशी वाकली. "हितं पाणी जायला भोक व्हतं. बुजवलं कोणी?"

"मी," भुजंग म्हणाला.

पंधरा दिवसांपूर्वी बुजवलं होतं. मेज शिसवी होतं, चार हात लांब, एका अंगाला उतरतं, कडेनं बोटभर रुंदीची पन्हळ आणि उताराच्या टोकाला रुपयाएवढं भोक. नकाशे काढायचं मेज असणार साहेबलोकांचं, असं रामकिसनराव वकिलांनी सांगितलं होतं आणि भुजंगला ते पटलं होतं. उतार पोथी वाचायला किती बराबर आहे, याचं त्याला कौतुकच वाटलं होतं. स्वतःच्या हातानं त्यानं पन्हळ चाकूनं खरवडली होती आणि भोकात बोट घालून आतला काळा, मेणचट, केसाळ गोळा बाहेर काढला होता. मग लहानपणापासूनची खोड, हाताला लागलं ते हुंगून पाहायची. आधी जुन्या कार्बोलिकचा वास आला, आणि त्याच्या तळाशी काहीतरी गोडसर. तेव्हा त्यानं नुसतं नाक मुरडलं होतं, रिठ्यानं मेज घासलं होतं, भोकात लाख ओतली होती, जवसाचं तेल चोळून चोळून लाकूड आरशासारखं केलं होतं आणि संग्रहालयातली सगळ्यांत जुनी पोथी त्यावर मांडली होती. शेजारी आपल्या वळणदार अक्षरात कार्ड लिहून ठेवलं होतं. मजकूर वकिलांचा: या मेजावर बसून छावणीतील एका विद्याव्यासंगी साहेबाने या मुलखातील स्त्रियांच्या ओव्या टिपून घेतल्या. आता त्याला ते बोट, उजव्या हाताची तर्जनी, हातापासून वेगळं असल्यासारखं जाणवायला लागलं. त्यानं ते धोतराला पुसलं. परत पुसलं. माय पोथीकडं पाहत होती आणि त्याला उमगलं की आपल्याला मेजाकडं पाहताच येत नाही. मेजाकडं पाहिलं की त्यावर कुणीतरी असतंच, आणि ते कोण ते ठाऊक आहे.

"चल," तो म्हणाला, "ऊन होईल."

"पोथी दावणार व्हतास ना?"

"परवा दावीन."

परत येताना तो चार पावलं पुढं चालत राहिला. एरवी हाताला धरून न्यायचा. मागून तिच्या जोड्यांचा फटफट आवाज येत होता, मधेच ती खाकरत होती, थुंकत होती, आणि प्रत्येक आवाजासरशी त्याच्या पाठीवरची कातडी आकसत होती. रस्त्यानं ओळखीचे लोक भेटले, भुजंगराव म्हणून हात वर करत गेले. तहसीलात नकलनवीस म्हणून पंधरा वर्षं काढलेला, मराठी आणि उर्दू दोन्ही अक्षरं मोत्यासारखी काढणारा, घनसावंगीच्या खात्यापित्या घरची बायको केलेला भुजंगराव. ती बायको पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी गेलेली. हिशेब नको नको म्हणताना डोक्यात चालूच होता. छावणी उठली तेव्हा आपण आठ वर्षांचे. तो तपासणीचा प्रकार त्याच्या कितीतरी आधी बंद पडला असणार. म्हणजे आपण जन्मायच्या दोन वर्षं आधी? तीन? बाप सांडू धनगर, मेंढरं घेऊन गोदाकाठी गेला आणि पटकीनं गेला, असं माय सांगायची. बापाच्या केदारखेड्याचे कुणी भाऊबंद कधी दारात आले नाहीत, त्याचं कारण तिनं दुष्काळ सांगितलं होतं. पोरपणी त्यानं ते गिळलं होतं, जसं पोर काहीही गिळतं. आता ते सगळं एकदम वर आलं. पुलाच्या कठड्याला धरून तो उभा राहिला. खाली पात्रात साबणाचं निळसर पाणी दगडांत अडकलं होतं, त्यावर माश्या होत्या. मागून येऊन मायनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "पित्त झालं का रं?" तो हात काढावा म्हणून तो पुढं सरकला, आणि ती आपल्याला सरकताना पाहतेय हेही त्याला कळलं.

त्या दुपारी घरी तो खाटेवर पडून होता, आणि इतकी वर्षं ध्यानात नसलेली एक गोष्ट त्याला आठवली. तो पाच-सहा वर्षांचा असेल. माय सूत काढत बसली होती. खेळता खेळता तो मागून सरपटत आला आणि त्यानं तिचे दोन्ही घोटे धरले, गच्च. तिनं लाथ मारली. कुत्र्यालाही कुणी अशी मारत नाही. ओठ फाटला, दात हलला. मग तिनंच हळद लावली, रात्रभर मांडीवर घेतलं, पण का मारलं ते सांगितलं नाही. पुढं त्यानं पाहिलं होतं, ती कधी कुणाला पायाला हात लावू द्यायची नाही. सूनबाई पहिल्यांदा वाकली तेव्हाही चटकन मागं सरली, आणि सूनबाईनं मनात धरलं. दर शुक्रवारी ती कढत पाण्यानं अंग धुवायची, राखेनं, नारळाच्या शेंडीनं, कातडी लाल होईस्तोवर. त्याला वाटायचं, देवीचा वार आहे. भुजंगनं कूस बदलली. आपल्याला दया यायला पाहिजे, हे त्याला कळत होतं. शिकलेल्या माणसाला अशा वेळी दया येते, संताप येतो. त्यानं वाचलेल्या प्रत्येक पानावर माणसांना तसंच व्हायचं. त्याला मात्र किळस येत होती. तिचीच. तिच्या लुगड्याच्या वासाची, तिच्या पोटाची, आपण जिथून आलो त्या जागेची. आणि ती किळस आली की तिच्या मागोमाग स्वतःची यायची, ही दुसरी जास्त चिकट होती.

शेवटी तो उठून ओसरीवर आला. ती डाळ निवडत बसली होती.

"माय, तुला चुकून नेलं आसंल ना तिथं? लोकर इकायला बाजारात गेली आसशील, आन शिपायांनी..."

तिनं वर पाहिलं नाही. "बाजारात एकटी उभी ऱ्हायली की बाई त्यांचीच. ते कुठं इचारायचे?"

"म्हणजे चुकूनच."

"तुला काय पायजे ते समज."

"मला खरं पायजे."

"न्हाई," ती म्हणाली, आणि एक खडा बोटानं टिपून अंगणात टाकला. "खरं पायजे आसतं तर तू नुसतं इचारलं आसतंस. तू उत्तर घेऊन आलास, वरून माझा अंगठा पायजे तुला."

तिनं हो म्हटलं असतं तर आपण किती पटकन विश्वास ठेवला असता, हे त्याला स्वच्छ दिसलं, आणि ते पाहणं भोकातला गोळा पाहण्याइतकंच वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वकिलांकडं गेला. रामकिसनराव ओट्यावर उकिडवे बसून जीभ घासत होते. तांब्याची पट्टी घशापर्यंत घालून ते खरवडत, ओकारी काढत, डोळ्यांत पाणी आणत, आणि मधून मधून हातानं भुजंगला बसा बसा म्हणत. पिवळट लाळेची तार ओट्याच्या कडेवरून खाली लोंबत होती. भुजंग दुसरीकडं पाहत म्हणाला, "ते मेज हलवावं लागंल. आन कार्ड बदलावं लागंल. ती जागा म्हणजे... पलटणीच्या काळात तिथं बायकांना..."

"ठावं आहे मला," वकील चूळ भरून म्हणाले.

"तुम्हाला ठावं होतं?"

"भुजंगराव, ती इमारत आपल्याला मिळाली कशी, काय वाटतं तुम्हाला? तीस-चाळीस वर्षं कोणी फुकट घ्यायला तयार नव्हतं. ना शाळेला, ना गोदामाला. म्हणून तर मिळाली. जे कोणालाच नको असतं, ते वाङ्मयाच्या वाट्याला येतं." ते हसले, मग गंभीर झाले, आणि खरोखरच त्यांच्या चेहऱ्यावर बारा वर्षांचा शीण दिसला. "बारा वर्षं अर्ज करून राह्यलो मी. चार माणसं मराठीत बोलायला जमली की पोलिसात वर्दी जाते. किताबखाना म्हणून कशीबशी परवानगी निघाली. लोकांच्या माळ्यावर सडणाऱ्या पोथ्या मी स्वतः डोक्यावर आणल्यात. आता उद्घाटनाच्या आदल्या दिवशी हा घाणेरडा किस्सा काढता? कोणी सांगितलं तुम्हाला?"

इथं भुजंगला बोलायला जागा होती. पुरेशी होती. ओट्यावर तिसरं माणूस नव्हतं, वकील त्याच्याकडं सरळ पाहत होते.

"बाजारातली एक म्हातारी," तो म्हणाला.

"मंग सोडा. तसल्या बायांचं काय ऐकता!"

तो वाटेत दोनदा थांबला आणि दोन्ही वेळा थुंकला. तोंडाला चव अशी नव्हतीच, पण ‘बाजारातली एक म्हातारी’ हे शब्द तोंडातच होते. दिवसभर त्यानं संग्रहालयात काम केलं. कपाटं पुसली. आजवर ज्या वस्तूंना तो सोवळ्यानं हात लावायचा, त्या आता एकेक करून त्याच्यावर उलटत होत्या. कवीची कवळी म्हणजे मेलेल्या माणसाच्या तोंडातलं हाड. शाहिराच्या पगडीच्या आतल्या अंगाला घामाचा काळा थर. पानदानात चुन्यावर वाळलेली कातडीसारखी साय. पोथ्यांच्या कडांना, पानं उलटताना पिढ्यान्‌पिढ्या लावलेली थुंकी. सगळं अंगातून निघालेलं, सगळं कुणाच्या तरी शरीराची घाण, फक्त पुरुषांची असली की तिला काचेचं कपाट. मधल्या दालनात तो फक्त एकदा गेला. कार्ड उचललं, वाचलं, आणि जागच्या जागी ठेवलं. अक्षर खरंच सुरेख आलं होतं. संध्याकाळी घरी येऊन त्यानं मायला सांगितलं, "उद्या तू नको येऊ. गर्दी आसंल, चेंगरशील." ती म्हणाली, "बरं."

तरी ती आली. पंचमीच्या सकाळी आंब्याच्या डहाळ्या, झेंडूची तोरणं, तहसीलचे दोन चपराशी, पेठेतले व्यापारी, मदरशातले मास्तर, अशी सत्तर-ऐंशी माणसं जमली होती आणि व्हरांड्याच्या टोकाला बायकांच्या घोळक्यात, धुवट हिरवं लुगडं नेसून, झुंबरबाई बसली होती. का आली, ते त्याला नंतरही कधी कळलं नाही. कदाचित पोथी पाहायची राहिली होती एवढंच. जज्जसाहेब सत्तरीचे, गोरेपान, अत्तर लावलेले. फीत कापून ते खोल्याखोल्यांतून फिरत मधल्या दालनात आले. पोथीवर त्यांनी कपाळ टेकवलं. मेजाच्या गुळगुळीत लाकडावर दोन्ही तळवे पसरून ते कार्ड मोठ्यानं वाचायला लागले.

"वाह! अक्षर कोणाचं हे?"

वकिलांनी भुजंगला पुढं केलं. साहेबांनी आपल्या गळ्यातला हार काढून त्याच्या गळ्यात घातला. कुणीतरी म्हणालं, यांच्या मातोश्री पण आल्यात. आणि वकिलांनी, त्यांच्या मनात चांगलंच होतं, बाहेर जाऊन म्हातारीला हाताला धरून आत आणलं. लोकांनी वाट करून दिली. ती मेजाच्या त्या टोकाला उभी, तो या टोकाला.

"या माय," साहेब म्हणाले, "हात लावून पाहा. इथं बसून त्या भल्या माणसानं तुमच्यासारख्या बायांची गाणी लिहून घेतली. तुम्ही तर त्या काळच्याच. तुम्हाला कधी बोलावलं होतं का?"

हाराच्या ओल्या फुलांचा वास भुजंगच्या नाकात बसला. मायनं मेजावर हात ठेवला, हलकेच, गाईच्या पाठीवर ठेवावा तसा. त्याच्याकडं एकदा पाहिलं. मग साहेबांकडं पाहून म्हणाली, "न्हाई बा. आमी लोकरवाल्या. आमाला कुठलं गाणं!"

लोक हसले. साहेबही हसले. संपलं होतं. तिनं ते इतक्या सफाईनं, इतक्या चांगल्या मनानं संपवलं होतं की भुजंगला फक्त पुढच्या खोलीचं दार उघडायचं होतं. त्यानं दार उघडलं नाही. गळ्यातला हार त्याला ओला, जड, कुणाच्या तरी हातासारखा वाटला. पोटातून ते वर आलं, आणि ते ओकणं नव्हतं, बोलणं होतं.

"कार्ड खोटं आहे," तो म्हणाला. "इथं कोणी गाणी लिहिली नाहीत. हा पलटणीचा दवाखाना होता. बाजारातल्या बायकांना या मेजावर निजवून तपासायचे. माझ्या मायला इथं आणायचे. दर शुक्रवारी."

वकिलांनी डोळे मिटले. जज्जसाहेबांनी मेजावरचे तळवे उचलले, खिशातून रुमाल काढला आणि हात पुसायला लागले. घाई न करता, एकेक बोट वेगळं धरून, नखापासून मुळापर्यंत. ते वाईट माणूस नव्हते. आपण काय करतोय हे त्यांना कळतही नव्हतं. भुजंग ते पाहत राहिला. दोन दिवस धोतराला बोट पुसत हिंडणारा माणूस कसा दिसत असेल, ते आता त्याला समोर दिसत होतं. आणि म्हातारीही ते पाहत होती. मग साहेब पुढच्या खोलीकडं वळले, लोक त्यांच्या मागं निघाले, मेजाला धोतराचा सोगा लागू नये म्हणून भिंतीच्या कडेकडेनं. वकिलांनी पोथी फडक्यात गुंडाळून छातीशी धरली आणि दुसरा हात पुढं केला. भुजंगनं किल्ल्या त्यांच्या हातावर ठेवल्या.

बाहेर आल्यावर, छावणीच्या मोकळ्या माळावर, माय थांबली. इतकी संतापलेली त्यानं तिला कधी पाहिली नव्हती. आवाज मात्र चढला नव्हता.

"तुला कोणी सांगितलं व्हतं?"

"माय, ते खोटं होतं. सगळ्यांसमोर—"

"ते माझं व्हतं. चाळीस साल म्या संबाळलं. तुला दिलंतं फकत, तू इचारलंस म्हणून. तू ते साऱ्या गावाला वाटलंस." तिनं श्वास घेतला. "माझ्यासाठी बोलला न्हाईस तू. तुझ्या आंगाला वास येत व्हता, तो तुला धुवायचा व्हता. आन पाणी माझं वापरलंस."

"तसं नाही," तो म्हणाला, आणि म्हणताना त्याला कळलं की तसंच आहे. बोलून झाल्यावर दालनात त्याला क्षणभर किती हलकं, किती स्वच्छ वाटलं होतं, ते त्याला आठवलं. तो स्वच्छपणाच आता सगळ्यांत घाण वाटत होता.

ती पुढं चालायला लागली. त्यानं हार काढून बाभळीखाली टाकला आणि तिच्या मागं निघाला, अंतर ठेवून, कारण जवळ जायची त्याची हिंमत नव्हती. पुलावर ती बसली नाही. बाजारातून जाताना एक-दोघांनी वळून पाहिलं. बातमी त्यांच्या आधी पोचली होती की त्यालाच तसं वाटलं, कोण जाणे. आठ दिवसांत घनसावंगीहून निरोप येईल, सासरा काय म्हणेल, बायको येईल का, आली तर हिच्या हातचं पाणी पिईल का, हे सगळं त्याच्या डोक्यात येऊन गेलं, आणि एकाचंही उत्तर त्याला शोधावंसं वाटलं नाही.

दिवे लागायच्या आत तिनं चूल पेटवली. तो ओसरीवर बसून होता, आत जावं की बाहेर जावं हे न कळून. भाकरी थापल्याचा आवाज आला, मग फोडणीचा. तिनं ताट वाढून उंबऱ्याच्या आत ठेवलं. त्याच्याकडं न पाहता म्हणाली, "जेव. गार हुतंय."

तो आत येऊन बसला. भाकरीवर तिच्या पाचही बोटांचे ठसे उमटलेले होते, एक जरा खोल, करपलेला. ते पाहिल्याबरोबर तीच किळस वर आली, जराही कमी न झालेली. आता ती अशीच येत राहणार, बोलून जाणार नाही, धुवून जाणार नाही, हे त्याला कळलं. माय चुलीपुढं पाठमोरी बसली होती, दुसरी भाकरी थापत होती आणि कान मात्र त्याच्याकडं होता. त्यानं तो ठशाचाच तुकडा मोडला, कालवणात बुडवला आणि तोंडात घातला. घास बराच वेळ तोंडात फिरत राहिला. मग त्यानं तो गिळला, आणि दुसरा मोडला.